गावांची फोल्डरं

थोरला भाऊ योगेंद्रदादा गेला तेव्हा आचलला रडू आलं नाही. लोक त्यावरही बोलले, लोकांचं काय. जामच्या चौकात ट्रकनं त्याची मोटारसायकल उडवली. तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी ही बाई वर्ध्याच्या ऑफिसात जाऊन कॉम्प्युटरपुढे बसली. घरी आई, प्रमिलाबाई, वाढायची, ही खायची. काय खाल्लं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

ऑफिस तरी कसलं, एका दुकानामागची खोली. तिथं दादा आणि त्याचा दोस्त पियुष जिनिंगवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करायचे, कापसाच्या वजनाचं, पावत्यांचं. आचल दादाच्याच हाताखाली शिकली. दादानं फोल्डरं गावांच्या नावानं ठेवली होती, कारण आपल्याकडे गिऱ्हाईक गावावरूनच ओळखतात: आष्टी, जाम, पवनार. तिन्ही फोल्डरांत त्याच फायली, त्यामुळे आता एक चूक तीन गावांत जाऊन सुधारावी लागे. पियुष कंटाळला होता.

"गावं काढ आन् कामानं लाव," तो म्हणाला. "वजन एकीकडे, पावत्या एकीकडे. कट-पेस्ट मारून टाक, झंझट कायले?"

"कट-पेस्ट नाई करत मी, पियुषभाऊ."

कारण होतं. सगळ्या फायली सबव्हर्जन नावाच्या प्रोग्राममध्ये ठेवलेल्या. कोणती ओळ कोणी बदलली, ते त्यात राहायचं, सोबत बदलणाऱ्यानं लिहिलेली चिठ्ठीही. नुसतं कट-पेस्ट केलं की फाईल आजच जन्मल्यासारखी होते. दादाच्या सगळ्या कामावर आचलचं नाव लागलं असतं. तेवढं तिला नको होतं. बाकी कशाचंच तिला काही वाटत नव्हतं.

म्हणून तिनं त्या प्रोग्रामच्याच कमांडनं एकेक फाईल हलवली, तसं केलं की जुनी नावं फाईलसोबत जातात. आष्टीची वजनाची फाईल नव्या फोल्डरात गेल्यावर तिनं तिचा इतिहास उघडला. एकच ओळ. आजची, आचलच्या नावाची.

दादा नव्हता. गेला म्हणजे गेलाच, असं तिला वाटलं, आणि तेही कुणी दुसऱ्याचं सांगावं तसं. पियुष चहा घेऊन आला, तो तिनं पिऊन टाकला.

मग तिचं लक्ष स्क्रीनवरच्या खिडकीच्या तळाशी गेलं. तिथं एका चौकोनात टिक होती: फाईल जिथून हलवली, तिथंच थांबायचं, त्याआधीचं दाखवायचं नाही. तिनं टिक काढली.

यादी सरसर खाली गेली. योगेंद्र, योगेंद्र, योगेंद्र. अक्षरं इंग्रजी, बोली घरची. 'आष्टीवाल्याले घाई हाय, उद्या नीट करतो.' 'पियुष म्हनते बरोबर हाय. नाई हाय.' आणि त्याखाली, 'आष्टीचं वजन चुकत होतं. चूक आचलची. पियुषले माह्यं नाव सांगतलं. तिले बोलाचं नाई.'

आचलला तो दिवस आठवला. पियुष दादावर भरपूर ओरडला होता, आणि हिनंच दादाला घरापर्यंत 'वजनवाले साहेब' म्हणून चिडवलं होतं. तो नुसता हसत गाडी चालवत राहिला.

घरी ती पानावर बसली. पहिला घास तोंडात घेतला आणि थांबली.

"आई, भाजीत मीठ नाई वो."

प्रमिलाबाईंचा वाढता हात तसाच राहिला.

"योगेंद्र गेला तवापासून भाजी अशीच होऊन राह्यली," त्या म्हणाल्या. "कोनी बोललंच नाई."