कालव्याच्या पुलाशी अडलेली जीप

या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचत आलो, पण नेहमी जरा लांबूनच. ग्रंथालयात नोकरी केलेला माणूस मी. प्रत्येक गोष्टीचं उत्तर कुठल्या ना कुठल्या कपाटात असणारच, अशी मनाला सवय लागलेली. म्हणून हे लिहायला फार वेळ गेला. यंदा आईही गेली. आता लिहून टाकतो.

आमचं गाव वसमत तालुक्यात, कुरुंद्याजवळ. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याचा कालवा आमच्या शेताला लागून जातो. गोष्ट नव्वदीच्या अखेरची, भाद्रपदातली. माझा धाकटा भाऊ दत्ता शेती पाहायचा आणि लष्कराच्या लिलावात घेतलेली एक जुनी जीप चालवायचा. तिच्या मागच्या चाकांना डिफरन्शियल लॉक होतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून एरवी दोन्ही चाकं आपापल्या वेगानं फिरतात. सीटजवळचा दांडा ओढला की ती एकमेकांना बांधली जातात आणि आमच्या काळ्या चिखलातूनही गाडी निघते. कडक रस्त्यावर मात्र लॉक सोडावंच लागतं, नाहीतर गाडी वळत नाही, नाक सरळच धरते. हे सगळं मला दत्तानंच सांगितलं होतं… मी कधी विचारलं नव्हतं तरी.

त्या दिवशी तो हळदीच्या वावरातून चिखल तुडवत कालव्याच्या मुरमाच्या रस्त्यावर आला, पुलाच्या अलीकडे थांबला, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. डॉक्टर म्हणाले, हृदय.

पाऊस थांबत नव्हता. स्मशानाची वाट गुडघाभर चिखलाची, खांदा देऊन चालणं शक्यच नव्हतं. आमच्या शेजारच्या गंगारामनं ट्रॅक्टर काढला. ट्रॉलीतून नेलं, कुठेही न थांबता.

जीप पुलाशीच राहिली. आणि आईनं जेवण सोडलं. साखरेचा आजार असलेली बाई, नुसत्या पाण्यावर. "गाडी घरी आणा, मग बघू," एवढंच म्हणायची. ट्रॅक्टरनं ओढून आणतो म्हटलं तर म्हणाली, "माझ्या लेकराला ओढत आणू नका." गाडी आणि तो, यांत तिच्यासाठी फरकच उरला नव्हता. रोज संध्याकाळी मी ताट परत आत नेऊन ठेवायचो.

उघडीप पडल्यावर मी वसमतहून मुनीर मिस्त्रीला आणलं. दत्ताचा जुना दोस्त. जीप पहिल्याच झटक्यात सुरू झाली. त्यानं ती पुलाकडे वळवली, तर नाक सरळ कालव्याकडे निघालं. पूल अरुंद, कठडा नाही, वळण काटकोनात. पुढे रस्ता खचलेला, मागे चिखल. मुनीर ब्रेक दाबून खाली उतरला.

"दांडा तर सुटेलच हाय, सर. तरी लॉक बसून राहिलं. दत्तूभाऊ जाताना बी मला काम लावून गेला."

त्यानं आधी मागेपुढे करून पाहिलं. अडकलेलं लॉक तसं सुटतं म्हणे. नाही सुटलं. मग केबल काढून हातानं ओढून पाहिली. मागचा भाग जॅकवर उचलला. गाडी गिअरमध्ये असताना एक चाक फिरवलं की दुसरं उलटं फिरायला हवं. चाक हललंच नाही. न्यूट्रलमध्ये दोन्ही चाकं एकाच दिशेनं फिरली, जोडीनं. शेवटी ऑइल उतरवून मागचं झाकण उघडलं. मीही वाकून पाहिलं. लॉकची कडी जिथे अडकते तिथून बोटभर मागे होती, म्हणजे लॉक लागलेलंच नव्हतं. दाते शाबूत. कुठे काही तुटलेलं नाही.

"मग अडकलंय काय?" मी विचारलं.

"काहीच न्हाई. तीच तर तकलीफ हाय. अडकलं असतं तर काढलं असतं." हात पुसत तो म्हणाला, "तुमच्या लायब्ररीत बघा एखादं पुस्तक."

झाकण लावलं, ऑइल भरलं, गाडी खाली घेतली. पुन्हा तेच. आता एका बाजूचा एक्सलच उपसून काढतो, असं तो म्हणत होता, तेवढ्यात गंगारामच्या बैलगाडीतून आई आली. दुपार कलली होती. ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली.

"काहून थांबले रे?"

"माय, गाडी वळून न्हाई राहिली," मुनीर म्हणाला.

आईनं जीपकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "माधव, त्याला विसावा कुठं दिला होता?"

तिरडी अर्ध्या वाटेवर खाली ठेवतात, शेजारी एक खडा ठेवतात, पुढचे खांदेकरी मागे जातात, मागचे पुढे येतात आणि मग उचलतात. तो विसावा. दत्ताला तो मिळालाच नव्हता.

गंगाराम खाली बघत म्हणाला, "ट्रॅक्टर थांबिवला असता तर रुतला असता, काकू."

"तुला बोल न्हाई लावत मी, बाबा. पर ऱ्हायला न."

एरवी मी तिची समजूत काढली असती. त्या दिवशी तेवढंही त्राण नव्हतं. मुनीर मुकाट्यानं स्टिअरिंगवर बसला, न्यूट्रल केलं. मी आणि गंगाराम पुढून, वावरात काम करणारी दोन माणसं मागून. चार पावलं मागे ढकललं. थांबलो. आईनं रस्त्यावरचा एक खडा उचलून चाकाशी ठेवला. आम्ही जागा बदलल्या. मी मागे आलो आणि जीपला खांदा लावला.

वळणावर ती आधीसारखीच जड होती, टायर मुरमावर खरडत होते. आणि मग खांद्यावरचं वजन एकदम उतरलं… जोर तोच, पण जीप पुलावर वळली, सहज.

"सर," मुनीर आतून हळूच म्हणाला, "सुटली."

संध्याकाळी अंगणात उभ्या जीपकडे तोंड करून आईनं अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

नंतर मुनीरनं गॅरेजमध्ये डिफरन्शियल पूर्ण उतरवलं. त्या दिवशी जे दिसलं होतं तेच. मागे घेतल्यावर सुटतं कधी कधी, असं तो म्हणाला खरा, पण सकाळपासून त्यानं तेच केलं होतं. आणि जे लागलंच नव्हतं ते सुटलं कसं? मी लॉकच्या आकृत्या मागवून वाचल्या. आजपर्यंत उत्तर सापडलेलं नाही.

जीप आता मीच चालवतो, वाईट चालवतो. पुलाशी आलो की थांबतो, थोडं मागे घेतो आणि मग वळतो. परवा मुनीर शेजारी बसला होता. त्यानं काहून म्हणून विचारलं नाही.