जोडी सोडायची नाही

आमची बटालियन तेव्हा पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांबच्या छावणीत, होती. देशभर दंगल पेटली आणि एका सकाळी हुकूम आला, की आमची कंपनी भुसावळकडे निघेल. एड टू सिव्हिल अथॉरिटी. म्हणजे पोलिसांना आवरेना, तेव्हा फौज. मी बोदवडचा. पुऱ्या नोकरीत बर्फ पाहिला, वाळवंट पाहिलं, पण पाठीवर रेडिओ सेट आणि डोक्यावर हेल्मेट घालून आपल्याच जिल्ह्यात उतरावं लागेल असं वाटलं नव्हतं. लाज वाटली. अजूनही वाटते.

आमच्या सेक्शनला यावलपुढचं एक मिशन वसतिगृह दिलं. तीन बाजूंना केळीच्या बागा, मागे सातपुडा. आई-बाप गेलेली डोंगरातली मुलं तिथे राहायची. चालवणाऱ्या सिस्टर मूळच्या केरळच्या, पण उभी हयात इथेच गेलेली. मुलं त्यांना अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही अक्काच म्हणू लागलो. ‘तिथे पळवून आणलेली पोरं कोंडून ठेवली आहेत’ अशी आवई फोनवरून गावोगाव फिरत होती. ती कोणी उठवली ते देवाला ठाऊक. पण ज्या दुकानदाराकडून वसतिगृहाचं धान्य यायचं, त्यानेही माल पाठवणं बंद केलं होतं.

सेक्शनमध्ये खानदेशी दोघेच. मी, रेडिओ ऑपरेटर, आणि नाईक भटू. भटू साक्री तालुक्यातला, सहा फुटी गडी, तोंडाला कुलूप नाही. पहिल्याच सकाळी त्याने मला हाक मारून अंगणात नेलं. मुलं हात धुवायला दोघा-दोघांनी येत होती. एक मोठं, एक लहान, हातात हात. सख्खी भावंडं नव्हेत. मूल दारात आलं की अक्का त्याला एक जोडीदार द्यायच्या. जेवण, शाळा, झोप, सगळं जोडीने. नियम एकच: जोडी सोडायची नाही.

“आम्हनाकडे याले बडी पेअर म्हणतस, अक्का,” भटू म्हणाला.

“तुम्हनाकडे कशाले लागस?” अक्कांनी विचारलं. त्यांची अहिराणी केरळी हेल काढून यायची.

“लढाईमा एकटा माणूस घाबरस.”

“मंग तेच,” अक्का म्हणाल्या. “ज्यासले कोणी नही, त्यासले एक तरी पाहिजे.”

भटूच्या मागे एक जोडी कायम असायची. रुमली दहाएक वर्षांची, आणि तिचा गुल्या, चारचा असेल. रुमली त्याचं नाक पुसायची आणि भटू तिची चेष्टा करायचा, की सासूबाई आल्या. दोन दिवस असे गेले. सेंट्री ड्यूटी, चहा, दर तासाला रेडिओ चेक, ऑल ओके.

तिसऱ्या दिवशी दुपारी सेट वाजला. “क्राउड मूव्हिंग टुवर्ड्स युअर लोकेशन. इव्हॅक्युएट. ओव्हर.”

“रॉजर. आउट.”

गाड्या दोन. आमचे सुभेदार साहेब हरियाणाचे, शांत माणूस. त्यांनी फौजी रीतीप्रमाणे हुकूम दिला, छोटे बच्चे पहले. अक्का आडव्या आल्या. “साहेब, जोडी मत तोडो. बच्चे नहीं मानेंगे.”

“सिस्टर, टाइम नहीं है.”

वेळ खरंच नव्हता. पहिली गाडी लहानांना घेऊन हलली. दुसरीत मोठी मुलं चढली. मागच्या बाजूला जमाव कुंपण तोडून आत घुसला होता. त्यांनी सरपणाची खोली पेटवली आणि आग शेजारच्या स्वयंपाकघराच्या छपराला लागली. तेवढ्यात सेटवर पहिली गाडी.

“वन चाइल्ड शॉर्ट. गुल्या. मागून उतरून पळाला. ओव्हर.”

सेट उघडाच होता. रुमलीने ऐकलं आणि गाडीतून उडी मारली. तिला ठाऊक होतं तो कुठे असणार. हरवलं तर चुलीजवळ थांबायचं, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. भटू तिच्यामागे धावला. मी सेट उतरवून त्याच्यामागे.

मी पोचलो तेव्हा भटू आत दोघांपाशी होता आणि दाराची चौकट पेटली होती. बाकी एकच वाट होती, धूर जायची खिडकी. एका वेळी एक मूल निघेल एवढीच. मी बाहेरून हात घातले. “दे लवकर!”

त्याने गुल्याला उचललं. गुल्याने रुमलीचा हात सोडला नाही. रुमलीला उचललं, तिनेही सोडला नाही. दोघं एकदम निघेनात, आणि एकटं कोणी निघायला तयार होईना. वरून कौलं फुटत होती. मी ओरडत होतो, शिव्या देत होतो. हात सुटत नव्हते. अक्कांनी शिकवलेलं पक्कं बसलं होतं.

मग भटूचा आवाज आला. एकदम साधा, अंगणात बोलायचा तसा. “पोरी, तू पहिले जाय. तोपर्यंत मी याना जोडीदार शे. हाई देख, मी याना हात धरेल शे.”

रुमलीने हात सोडला. ती माझ्याकडे आली. मग गुल्या आला. त्याला खाली ठेवून मी वळलो, आणि आढं खाली आलं.

“वन कॅज्युअल्टी,” मी सेटवर सांगितलं. नाव सांगायला मला दोनदा सुरुवात करावी लागली.

सगळी मुलं वाचली. भुसावळजवळ दीपनगरच्या एका सभागृहात ती आठवडाभर होती. मग बालकल्याण खात्याची माणसं आली. वाईट नव्हती ती, नियमाने चालणारी होती. मुलगे एकीकडे, मुली दुसरीकडे, सहा वर्षांखालचे तिसरीकडे. अक्का प्रत्येक टेबलासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांना विचारलं गेलं, ही दोघं नात्याने कोण? रुमली धुळ्याला गेली आणि गुल्या कुठल्या तरी लांबच्या शिशुगृहात. गाडीत बसवताना दोघांचे हात दोन शिपायांनी सोडवले. ते मी पाहिलं.

वसतिगृह पुन्हा उभं राहिलं नाही. अक्का केरळला परतल्या आणि पुढच्याच वर्षी वारल्या. रुमली दोनदा पळाली. दुसऱ्यांदा सापडलीच नाही. मी पेन्शनवर आल्यावर गुल्याला शोधत गेलो, तर त्याला दत्तक दिलेलं. कुठे, ते सांगत नाहीत.

भटूच्या गावात शाळेसमोर त्याच्या स्मारकाचा चौथरा आहे. तो गेला त्या तारखेला मी दरवर्षी जातो, हार घालतो, सॅल्यूट करतो. नंतर त्याच्या आईकडे जेवतो. तिला आता नीट दिसत नाही. भाकरी वाढताना ती दरवर्षी एकच विचारते.

“त्या दोन्ही पोरे संगेच शेतस ना, भाऊ?”

“हो, माय,” मी सांगतो. “संगेच शेतस.”