तक्रार नसलेला चौक

नुबिया उसुगाचं अर्धं आयुष्य मेदेयिन शहराच्या डोंगरउतारावर शर्ट शिवण्यात गेलं. कारखाना बंद पडला आणि पन्नाशीनंतर तिला आभासी जगात पहारेकरणीची नोकरी मिळाली. डोळ्यांवर यंत्राचा चष्मा चढवायचा, अंगात धक्के जाणवणारं जाकीट घालायचं आणि मुलांच्या खेळातल्या चौकात अदृश्य होऊन फिरायचं. नियम असा, की मार खाणाऱ्याने लाल बटण दाबलं तरच मारणाऱ्याला हाकलता येई. तक्रारीशिवाय हाकलण्याची कळ चालतच नसे.

या चौकातून तक्रार कधी येत नव्हती. साहेब एफ्राइन खुशीत होते. "आपल्याइतका सुरक्षित चौक कुठे नाही, नुबियाबाई!"

नुबियाला खरं कारण ठाऊक होतं. तिच्या वस्तीत तक्रार करणाऱ्याला बेडूक म्हणत आणि बेडकाला जगू देत नसत. तिचा भाऊ लिबार्दो पोलिसांशी दोन शब्द बोलला, तर टोळीवाल्यांनी दारातच त्याच्या तोंडात गोळी घातली. आईने उंबरठ्यावरचं रक्त धुतलं आणि विचारणाऱ्यांना सांगितलं, "मी काही पाहिलं नाही." चौकात खेळणारी पोरं त्याच गल्ल्यांतली होती.

त्या दुपारी चौघांनी एका मुलीला कारंज्यामागे गाठलं.

"तुझ्यामुळे हरलो काल!" एकाने लोखंडी गज तिच्या पाठीत घातला. मुलगी किंचाळली. वस्तीतल्या खेळघरात भाड्याने मिळणारं जाकीट तिच्याही अंगात होतं. घाव खरा बसत होता.

"चष्मा काढून पळालीस तर याद राख. घर ठाऊक आहे तुझं."

दुसऱ्याने तिचे केस धरून तोंड दगडावर आपटलं. पुन्हा आपटलं.

"दाब ना बाई, दाब ते बटण," नुबिया पुटपुटली. मुलीने दोन्ही हात पोटाशी घट्ट आवळून धरले होते. ती मरेपर्यंत दाबणार नव्हती.

नुबियाने अदृश्यपणा काढून टाकला.

"ए मुडद्यांनो, सोडा तिला!"

"ही म्हातारी कुठून उपटली?"

"आज्जे, घरी जाऊन सूप ढवळ!"

नुबियाने पुढे होऊन त्याच्या थोबाडीत मारली. मग चौघे तिच्यावर तुटून पडले. गज बरगड्यांत बसला, खांद्यावर बसला. खऱ्या जगात खुर्चीत बसलेली नुबिया दुमडली, ओठ दाताखाली येऊन तोंडात रक्त आलं. आता मार खाणारी ती होती. तिने बटण दाबलं. चौकावर अक्षरं उमटली: तक्रारदार, नुबिया उसुगा. हाकलण्याची कळ चालू झाली आणि तिने चौघांना एकेक करून बाहेर फेकलं.

"बाई, बाहेर या!" कानात एफ्राइन ओरडत होते. "पहारेकऱ्याने तक्रार करायची नसते. नोकरी गेली तुमची!"

मुलगी अजून कारंज्यामागे अंग चोरून बसली होती.

"मावशी, तुमचं नाव वाचलं त्यांनी."

"वाचू दे," नुबिया तिच्याशेजारी टेकत म्हणाली. "आधी तू श्वास घे."