सव्वा वाटीचा शिरा

तळहातावर शिऱ्याची मूद आहे आणि तूप बोटांच्या फटीत उतरतंय. वर्षभर भात सोडला, रोज टेकडी चढलो, तेव्हा कुठे साखर ताळ्यावर आली, गोळ्या बंद झाल्या. डॉक्टर म्हणाले, "मधुमेह गेला नाही हं, झोपलाय." आईच्या लेखी मात्र देवानेच तो नेला, म्हणून आज नवसाचा सत्यनारायण. सव्वा वाटी रवा, तेवढंच तूप, तेवढीच साखर.

"प्रसादाने काही होत नाही रे. तुझ्यासाठीच तर नवस बोलले होते."

स्वतःच्या जिभेला मी वर्षभर नाही म्हणत आलो. या थकलेल्या डोळ्यांना नाही म्हणायचा सराव कधी केलाच नव्हता. मी घास घेतला. आईचा चेहरा उजळला.

"थांब, अजून थोडा वाढते."