भालेकाकांची रांग

भालेकाकांशी हात मिळवला, की ते आधी समोरच्याचा अंगठा बघायचे. काठी धरताना हा अंगठा पुढे राहील की मागे, यावर त्यांच्या मते अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक पायदळाचं सगळं गणित अवलंबून होतं. त्यांचं खरं आडनाव वेगळंच. पुण्यातल्या एका कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले आणि मुलीकडे सिंगापुरात, बुकित बातोकला आले. आमच्याच ब्लॉकमध्ये, दोन मजले वर.

ग्रीक सैनिक रांगेत उभे राहून लढायचे, ते भाला खांद्यावरून उगारून धरायचे की कमरेपाशी खालून, हा काकांचा प्रश्न. "पुस्तकांत दोन्ही बाजू कचाकचा भांडतात," ते म्हणायचे, "पण धरून कुणी बघितलंय? हाताला विचारा!"

म्हणून त्यांनी कपडे वाळत घालायच्या बांबूच्या काठ्या घेतल्या. जुन्या भाल्यांना मागेही धातूचं जड टोक असायचं, म्हणून काठीच्या मागच्या टोकाला वाळूची पुरचुंडी बांधली. तोल मागे सरकला आणि पकडही मागे आली. प्लायवूडच्या गोल ढाली कापल्या. मुलगी वैतागून म्हणायची, "बाबा, टॉवेल वाळत घालायला एक तरी काठी ठेवा हो!"

रविवारी सकाळी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत आम्ही आठ मराठी माणसं चार-चारच्या दोन रांगा करायचो. मी काकांच्या डावीकडे. ढाल डाव्या हातात, तिचा अर्धा भाग शेजाऱ्यावर येतो. त्यामुळे माझी उजवी बाजू काकांच्या ढालीआड असायची. एकदा मी काठी खालून धरून जोरात मागे घेतली आणि तिचं टोक मागे उभ्या असलेल्या मुग्धाच्या, माझ्या बायकोच्या, मांडीला लागलं. ती कळवळली. काकांनी आधी तिची विचारपूस केली, मग हळूच म्हणाले, "खालून धरलं की मागचा आपलाच माणूस जायबंदी होतो, बघ." पण वरून धरल्यावर पाच मिनिटांत सगळ्यांचे खांदे भरून आले, तेही त्यांनी तितक्याच इमानाने वहीत लिहिलं.

मला मजा यायची, हे खरं. पण वन-नॉर्थच्या ऑफिसात मी सांगायचो, रविवारी जिमला जातो.

माझा पीआरचा, म्हणजे सिंगापुरात कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज नुकताच गेला होता. कुठल्या भानगडीत आपलं नाव यायला नको, एवढंच डोक्यात. अशाच एका रविवारी आमच्या वसाहतीची देखभाल बघणारा माणूस आला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी तक्रार केली होती.

"हू इज इन चार्ज, आह?"

काकांना इंग्रजी वाचता यायचं, बोलायची वेळ आली की सुचायचं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी त्यांच्या वतीने मीच बोलायचो. मी तोवर ढाल खांबाला टेकवून चार पावलं बाजूला झालो होतो.

"यू आर विथ हिम?" त्या माणसाने मला विचारलं.

"नो, नो. जस्ट पासिंग बाय."

घामाने माझा शर्ट अंगाला चिकटला होता. हातावर ढालीच्या पट्ट्याचा लाल वळ होता.

"आय ॲम विथ हिम," मुग्धा पुढे आली. तिने नाव सांगितलं, फ्लॅटचा नंबर सांगितला.

तो माणूस हसला. "अंकल, हिअर डेंजरस लाह. गो टू द फील्ड, कॅन?" त्याने काही लिहूनही घेतलं नाही. उलट एक काठी हातात घेऊन बघितली, आणि काका त्याला अंगठा कुठे ठेवायचा ते खुणांनी दाखवू लागले.

लिफ्टमध्ये मुग्धा एवढंच म्हणाली, "त्यांना बोलायला सुचत नव्हतं रे."

पुढच्या रविवारी काकांनी नेहमीसारखी बेल वाजवली. "चल, अनिकेत." मी ऑफिसच्या कामाचं निमित्त सांगितलं. पुढचे तीन रविवारही तेच. मग मुग्धा एकटीच मैदानावर जाऊ लागली. काका दर वेळी तिला विचारायचे, "त्याचं काम आटपलं का?" कुत्सितपणे नाही, खरोखर काळजीने.

पीआर मिळाल्याचं कळलं तेव्हा पहिले आले तेच, डब्यात शिरा घेऊन. "आता निश्चिंत झालास," म्हणाले. डबा धुऊन मी मुग्धाच्या हातीच परत पाठवला.

मुलीची बदली झाली आणि काका पुण्याला परतायला निघाले. मी त्यांची बॅग टॅक्सीपर्यंत नेली. डिकी बंद केली आणि कसंबसं तोंड उघडलं, "काका, त्या दिवशी मी..."

"अरे, बॅग फार जड नाही ना झाली?" त्यांनी विचारलं. "विमानतळावर उघडायला लावतील बघ."

"नाही काका. बसेल वजनात."

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि ते टॅक्सीत बसले. खिडकीची काच खाली होती. सिग्नलपर्यंतसुद्धा नाही, दोन पावलं पुढे जाऊन बोललो असतो तरी त्यांना ऐकू गेलं असतं. मी हात हलवत उभा राहिलो.