सड्यावरचा नारळ

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की जळक्या गवताचा वास आधी येतो. दोन हजार सालच्या आसपास मी संगमेश्वराकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ऐन उन्हाळ्यात पोलीस पाटलाचा फोन आला, "साहेब, सड्यावर आग लावलीय कुणीतरी."

सड्यावर, म्हणजे गावावरच्या गवताळ कातळपठारावर, पोहोचलो तर जागेची मालकीण, तक्रारदार बाई, रागाने लाल झाली होती. नवरा मुंबईला; घरी ती आणि सासरे. भातकापणी झाली की गुरं उनाड सोडायची, ही गावची रीत. हिने मात्र कृषी सहायकाचं ऐकून सड्याचे तुकडे पाडले होते. गुरं एका वेळी एकाच तुकड्यात चारायची, बाकीचं गवत वाढू द्यायचं. मुळं खोल गेली की हवेतला कार्बन मातीत मुरतो, असं तिला शिकवलेलं. "तांबडी माती काळी पडाय लागली होती हो!" म्हणताना तिला रडू फुटलं.

संशय शेजाऱ्यावर. त्याची गुरं तिने हाकलली होती आणि त्याने चारचौघांत "बघून घेईन" म्हटलेलं. ठाण्यात आणला तेव्हा तो घामाघूम झाला होता. त्याच्या पासपोर्टची चौकशी माझ्याच टेबलावर पडली होती; गुन्हा नोंदला की आखातातली नोकरी गेली.

"आईशपथ साहेब, मी नाय. भांडलो, पण आग?"

भांडखोर माणूस बोलून मोकळा होतो, हा माझा अनुभव. पण नुसत्या अनुभवावर कुणाला सोडता येत नाही. बाई आणि सासऱ्यांना घेऊन पुन्हा सड्यावर गेलो. राखणदाराच्या, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाच्या, दगडापाशी नारळ वाढवलेला होता, धगीने करपलेला. म्हणजे आगीच्या आधीचा. गवत जाळण्यापूर्वी राखणदाराला नारळ देतो तो जमिनीचा घरचा माणूस. वैरी कशाला नारळ घेऊन येतोय!

"नारळ कुणी वाढवला?"

"मी नाय," बाई म्हणाली. सासऱ्यांची मान खाली गेली.

"मीच. आगपण मीच लावली," म्हातारा पुटपुटला. "सुका गवत जाळला नाय तर नवा येल कसा? आधी दरसाल जाळायचो. सून एकटी किती करील, म्हटला. ती रडाय लागली, मग माझा तोंडच उघडेना."

"मामानू, मला एकदा विचारायचा तरी!" बाईने कपाळावर हात मारला.

अर्ज तिथेच निकाली निघाला. शेजाऱ्याच्या कागदांवर मी त्याच दिवशी सही केली.

काही वर्षांनी मुद्दाम तिथे गेलो. शेजारी आखातातून सुट्टीवर आला होता. दोन्ही घरांची गुरं आता एकत्र, पाळीपाळीने चरत होती. बाईने मातीचं ढेकूळ माझ्या हातात दिलं. काळं, मुळांनी भरलेलं. फार बरं वाटलं. तपासात आधी वैरी शोधायची माझी सवय त्या सड्याने मोडली. कधी मायेनेही काडी ओढली जाते.

गुरं हाकत म्हातारा जवळ आला आणि हसत म्हणाला, "साहेब, काडेपेटी आता सुनेकडं असते!"