लेकीच्या प्रयोगातलं झाड आणि माझं इन्सुलिन

मंडळी, दुपारपासून डोकं चालेना, म्हणून इथे लिहितोय.

मी भोसरीत लेथ मशीन चालवतो. दोन वर्षांपासून इन्सुलिन घेतो. माझी लेक प्राजक्ता औषधशास्त्र शिकते. विजयसार नावाच्या झाडाच्या अर्काने इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी वाचतात का, हे ती उंदरांवर तपासते. कौतुकाने सगळं घरी येऊन सांगायची.

मी गुपचूप विजयसाराचा लाकडी पेला आणला. त्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी प्यायचं, इन्सुलिन बंद. आज पाचवा दिवस. मशीनसमोरच घेरी आली. शेजारच्या मशीनवरच्या सलीमभाईंनी मागे ओढलं, नाहीतर हातच गेला असता. दवाखान्यात साखर चारशेच्या वर निघाली.

प्राजक्ता धावत आली. "बाबा, तो अजून प्रयोग आहे, औषध नाही!"

"पण उंदीर बरे झाले म्हणालीस ना?"

"काही झाले. बाकीच्यांचं मी घरी बोललेच नाही." एवढं बोलून ती रडायला लागली.

म्हटलं, "म्हणजे झाड खोटं?"

"खोटं नाही हो. अजून माहीत नाही, एवढंच."

इन्सुलिन पुन्हा सुरू झालंय. पण 'अजून माहीत नाही' याचं काय करायचं, ते मला कळत नाही. आशा धरायची की सोडायची?

दवाखान्यातून निघताना तिने विचारलं, "आधी मला का नाही विचारलंत?" ती नको म्हणेल याची भीती होती, हे मला सांगता आलं नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर विचारलं असतं का?